हुसेन वस्तांचा विजेचा मासा

मिरकरवाडा बंदरात हुसेन वस्तांचा शब्द कुणी खरा धरत नसे, आणि त्याचं त्यांना फारसं वाईटही वाटत नसे. वय सदुसष्ट, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी आणि मांडीवर कायम कुणाचं तरी फाटलेलं जाळं. बावीस वर्षं त्यांनी मस्कतच्या मासळी बाजारात लिलावाच्या ओट्यावर काढली होती. परत आल्यावर पुतण्याच्या, म्हणजे यासीनच्या, ट्रॉलरची जाळी सांधायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. कामाची हौस होती असं नाही. जाळ्यांच्या शेडमध्ये दुपारभर ऐकणारी माणसं बसलेली असत, म्हणून.

त्या माणसांना त्यांनी मस्कतचं काय काय सांगितलं होतं. तिथल्या बाजारातल्या बोक्यांना लिलावाचे भाव कळतात, आणि भाव पडला की ते उठून दुसऱ्या ओट्यावर जातात. तिथली सुरमई दोघांनी दोन टोकांना धरली तर मध्ये जमिनीला टेकते. आणि तिथे एक थाळीएवढा गोल मासा आहे, अंगाने मऊ, दिसायला गरीब, पण ओल्या हाताने धरला की उभा माणूस आडवा होतो. अरब त्याला रआद म्हणतात, म्हणजे गडगडणारा.

शेवटच्या गोष्टीला शेडमध्ये सगळ्यात जास्त हशा होई. झटका देणारा मासा इथेही होता, पण तो तळहाताएवढा. खलाशी त्याला करंट्या म्हणत. करंट देतो म्हणून, आणि खायच्याही कामाचा नाही म्हणून. त्याचा झटका म्हणजे कोपर दाराच्या चौकटीला आपटल्यावर येतात तेवढ्या मुंग्या. यमुनाबाई पावसकर, ज्यांनी चाळीस वर्षं याच बंदरावर मासळी विकली आणि हुसेनचाचा परत आल्यापासून रोज त्यांच्याशी वाद घातला, त्या म्हणत की मस्कतला करवंदंसुद्धा भोपळ्याएवढी असतील.

एवढ्यावर भागलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी हुसेनचाचांनी एक लहान पाकट, म्हणजे पसरट अंगाचा शेपटीवाला मासा, वाळवला, कात्रीने त्याच्या कडा कापल्या, पिळून त्याला हात केले, पंख केले, आणि पोटाकडची बाजू वर करून ठेवला. पाकटाच्या नाकपुड्या पोटाच्या बाजूला असतात, त्या डोळ्यांसारख्या दिसतात. झाला पंखांचा माणूस तयार. तो यासीनच्या जाळ्यात आला असं त्यांनी सांगितलं. यासीनने गंभीर चेहऱ्याने किती वाव खोल पाण्यात आला तेही सांगितलं. निलेश खलाशाने शपथ घेतली. यमुनाबाईंनी तर तो बोटीतून उतरवताना हलत होता असं सांगितलं, कारण एवढ्या चांगल्या कामात भांडण मध्ये आणायचं नसतं एवढी समज त्यांना होती.

एका साप्ताहिकाचा बातमीदार आला. कुणीतरी ते ध्यान शहरातल्या कॉलेजात मत्स्यशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या डॉ. आत्माराम शेट्यांकडे नेलं. ते बैठकीला निघाले होते. गाडीची काच खाली करून त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, वेगळं दिसतंय, तपासावं लागेल. साप्ताहिकात मथळा आला, ‘तज्ज्ञही चक्रावले’. तिसऱ्या दिवशी हुसेनचाचांनी स्वतःच शेडमध्ये बसून सगळ्यांना ती कात्री दाखवली. पुढे महिनाभर शेट्ये सर वर्गात शिरायच्या आधी कुणीतरी फळ्यावर दोन पंख काढून ठेवत असे. त्यानंतर सर बंदरावर आले नाहीत. विद्यार्थ्यांना पाठवत.

त्यांतली एक वेदिका साळवी. लांज्याची. पीएच. डी.चं तिसरं वर्ष. ट्रॉलरच्या जाळ्यात चांगल्या मासळीबरोबर जो बारीक, बिनकामाचा माल येतो आणि खताच्या कारखान्याला जातो, तो मोजायचा हा तिचा विषय. दर सोमवारी लांज्याहून सकाळच्या एस.टी.ने ती यायची आणि कुणी खात नाही असे मासे पट्टीवर ठेवून लिहून घ्यायची. असे त्रेचाळीस सोमवार झाले होते. तिच्या आईने एकदा विचारलं होतं की नवीन काही सापडलं का, आणि वेदिका चिडली होती, कारण सापडलं नव्हतं.

चव्वेचाळिसाव्या सोमवारी, डिसेंबरात, यासीनची बोट सकाळी नऊच्या सुमारास धक्क्याला लागली. निलेश लंगडत उतरला. जाळं रिकामं करताना एक गोल, काळपट मासा वाटेत आला म्हणून त्याने अनवाणी पायाने तो बाजूला सारला होता, आणि लगेच तिथेच बसला होता. बसल्या बसल्या त्याने मागे वळून विचारलं होतं की मला कुणी मारलं. रआदची गोष्ट यासीन लहानपणापासून ऐकत आला होता. त्याने तो मासा फावड्याच्या लाकडी दांड्याने समुद्राच्या पाण्याच्या टबात ढकलला, वर फळी टाकली, आणि टब शेडमध्ये आणून काकांच्या पुढ्यात ठेवला.

हुसेनचाचांनी फळी सरकवली आणि ते बघतच राहिले. परातीएवढा गोल, कडेला जाड, मागे आखूड मांसल शेपूट. तपकिरी पाठीवर फिकट जाळी, लाट ओसरल्यावर वाळूवर फेसाची राहते तशी. रआद. इतकी वर्षं लोक हसत आल्यामुळे त्यांना स्वतःलाही अधूनमधून वाटू लागलं होतं की बोक्यांसारखा हा मासाही आपणच तर रचला नाही ना. आता तो समोर होता, आणि बारीक डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरून आले, असं यासीन नंतर सांगे.

पण हे फार वेळ टिकलं नाही, कारण समोरून यमुनाबाई येत होत्या.

हुसेनचाचांनी त्यांना हाक मारून सांगितलं की तुझ्यासाठी एक लेप ठेवलाय, इतका जाड लेप मी इथे पाहिला नाही. लेप म्हणजे चपटा, खायला चवदार मासा, आणि लेपातलं आपल्याला हुसेनने शिकवावं हे यमुनाबाईंना मान्य नव्हतं. हा लेप नाहीच असं त्या दुरूनच म्हणाल्या. मग वाकून, चाळीस वर्षांच्या सवयीने, ताजा आहे का हे बघायला त्यांनी माशाच्या पाठीत अंगठा दाबला.

त्या ओरडल्या नाहीत. दोन पावलं मागे गेल्या आणि आपल्या हाताकडे तो दुसऱ्या कुणाचा असल्यासारखं बघत राहिल्या. मग त्यांनी टोपली खाली ठेवली, पदर खोचला, आणि शेडच्या दारात जाऊन आपल्या जावेला हाक दिली.

“राजश्री, ये गो. लेप बघ केवढा आलाय तो.”

राजश्रीने लेप बघितला आणि बर्फवाल्याला बोलावलं. बर्फवाल्याने लिलाव पुकारणाऱ्याला बोलावलं. ज्याला झटका बसे तो मिनिटभर गप्प उभा राही आणि मग आपल्या ओळखीच्या माणसाला शोधायला जाई. साडेदहापर्यंत अकरा माणसांनी लेप बघितला. अकरावा डिझेलवाला. त्याच्या वेळेपर्यंत माशाचा जोर ओसरला होता. त्याला नुसत्या मुंग्या आल्या आणि तो नाराज झाला. सगळ्यांना पुरा झटका आणि मलाच का कमी, असं तो म्हणत राहिला. तेव्हा हुसेनचाचांनी टबात ताजं पाणी घातलं आणि आता त्याला आराम द्या, दमलाय तो, असं सांगून फळी पुन्हा लावली.

वेदिका आली तेव्हा बंदरावर नेहमीपेक्षा शांतता होती आणि बरीच माणसं काही काम नसताना शेडजवळ उभी होती. यमुनाबाईंनी तिला प्रेमाने जवळ बोलावलं आणि तुझ्यासाठी लेप ठेवलाय असं सांगितलं. वेदिकाने फळी सरकवली. गुडघ्यावर बसली. हात मात्र पुढे केला नाही. बराच वेळ ती नुसती बघत राहिली, आणि जमलेल्या माणसांची निराशा वाढत गेली.

“हा कुणी पकडला?” तिने विचारलं.

यासीनने सांगितलं. कुठे, किती वाव, किती वाजता, तेही सांगितलं. तिने घाईत ते चुकीच्या रकान्यात लिहिलं आणि तिला दुसऱ्यांदा लिहावं लागलं. करंट्या तिने खूप मोजले होते. हा तो नव्हता. हा तिने फक्त पुस्तकात पाहिला होता, आणि पुस्तकातल्या नकाशावर त्याचा रंगवलेला पट्टा ओमानच्या किनाऱ्यावर संपत होता. त्याच्या पुढे सगळा समुद्र कोरा होता. तिने ते तसंच हुसेनचाचांना सांगितलं.

“मग मी इतकी वर्षं काय सांगतंय?” हुसेनचाचा म्हणाले.

शेडमध्ये कुणी हसलं नाही. यमुनाबाई फक्त म्हणाल्या की बोक्यांचं मात्र अजून सिद्ध व्हायचंय.

वेदिकाने रबरी हातमोजे घालून माशाला शेपटीला धरलं, मोजलं, सगळ्या बाजूंनी फोटो घेतले. मासा संध्याकाळपर्यंत काही राहिला नाही. मेल्यावर तिने तो बर्फात घालून कॉलेजात नेला. रिक्षात तो डबा तिने मांडीवर धरला होता.

शेट्ये सरांनी तासभर मासा तपासला. डोळ्यांमागच्या भोकांच्या कडेची झालर भिंगातून मोजली, पाठीवरची जाळी पुस्तकातल्या चित्राशी ताडली. शेवटी ते म्हणाले की ओळख बरोबर आहे. वेदिकाला वाटलं आपण इथेच उडी मारू. मग त्यांनी विचारलं की पकडला कुणी. तिने नाव सांगितलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. मासा ओमानचा आहे यात शंका नाही. प्रश्न आहे तो रत्नागिरीचा आहे का. मस्कतहून मुंबईला विमान तीन तासांच्या आत येतं, आणि आखातातून येणाऱ्या माणसांच्या सामानात काय काय असतं हे ते लहानपणापासून बघत आलेत. वेदिका म्हणाली की मासा जिवंत होता, तिने त्याच्या कल्ल्यांची हालचाल पाहिली. सर म्हणाले, तो माणूस जिवंतही आणेल. साक्षीदार कोण? तिने वहीतून नावं वाचली. यासीन, निलेश, हुसेन वस्ता, यमुनाबाई. वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. पंखांच्या माणसाच्या बातमीतही हीच चार नावं होती, याच क्रमाने.

“हा माझ्या डोळ्यांसमोर समुद्रातून वर येईल तेव्हा मी लिहीन,” सर म्हणाले. “तोपर्यंत हा बाटलीत राहील.”

वेदिका थेट बंदरावर आली आणि हुसेनचाचांना सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ते आधी खूश झाले. इतक्या शिकलेल्या माणसाने आपल्याला एवढं मोठं समजावं याचं त्यांना अप्रूप वाटलं. मग त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. वर्षभर खताचे मासे मोजणाऱ्या पोरीला पहिल्यांदा काहीतरी सापडलं होतं, आणि ते आपल्या कात्रीपायी बाटलीत पडणार होतं. त्यांनी जाळं मांडीवरून खाली ठेवलं.

“घेऊन ये सरांना,” ते म्हणाले. “यासीनच्या बोटीवर. मी पण येतंय.”

वेदिकाने एकच अट घातली. त्या दिवशी बोटीवर पाय ठेवल्यापासून परत धक्क्याला लागेपर्यंत एकही थाप मारायची नाही. लहानही नाही. गंमत म्हणूनसुद्धा नाही. हुसेनचाचांनी बराच विचार केला आणि कबूल केलं. पुढ्यात यमुनाबाई कोळंबी सोलत होत्या. त्यांनी मान वर केली.

“मग दिवसभर बोलणार काय तू?”

गुरुवारी सकाळी साडेसहाला बोट निघाली. शेट्ये सरांनी नवं केशरी लाइफ जॅकेट घातलं होतं, डोक्यावर कापडी हॅट होती, आणि खिशात दोन पेनं. हुसेनचाचांना त्यांनी नमस्कार केला, पण डोळे त्यांच्या हातांवर ठेवले. जादूगाराच्या हातांवर ठेवतात तसे.

बंदर मागे पडल्यावर निलेशने चहा केला. हुसेनचाचांनी आपल्या कपातला एक घोट घेतला, थांबले, आणि सरांना सांगितलं की निलेशने आज चुकून भांडी धुवायच्या कॅनमधलं पाणी घातलंय, ते समुद्राचं आहे, तुम्ही पिऊ नका. सर मनात म्हणाले, सुरुवात झाली. आपण घाबरून कप ठेवावा आणि मागून सगळ्यांनी हसावं असा बेत दिसतो. ते म्हणाले, मला चालतो. आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी पूर्ण कप संपवला. चांगला झालाय, असंही ते म्हणाले. निलेशने आपला कप ओठाला लावला आणि हळूच समुद्रात ओतला.

वेदिकाने हुसेनचाचांकडे डोळे वटारून पाहिलं. त्यांनी दोन्ही हात वर केले.

“खरा सांगितला, बाय.”

पुढे असंच चालू राहिलं. केबिनच्या बाजूच्या फळीला काल रंग दिलाय, अजून ओला आहे, असं चाचांनी सांगितलं तेव्हा सर त्या फळीला मुद्दाम टेकून उभे राहिले. साडेनऊला वारा फिरेल, हॅटची दोरी बांधा, असं सांगितलं तेव्हा सरांनी दोरी उलट कानामागे टाकली. पावणेदहाला हॅट पश्चिमेला गेली. सर तिच्याकडे बघत राहिले, जणू तिलाही कुणी फूस लावली होती. पाठीवर, जॅकेट संपतं तिथून खाली, एक निळा आडवा पट्टा उमटला होता, पण तो त्यांना दिसत नव्हता आणि त्याबद्दल आता त्यांना काही सांगायची कुणाची हिंमत नव्हती.

हुसेनचाचा एका बाजूला जाऊन बसले. ते चक्रावले होते. आयुष्यात त्यांनी माणसाला फसवायला केवढी मेहनत घेतली होती. पाकट वाळवायला नऊ दिवस लागले होते. आणि इथे नुसतं जे आहे ते सांगितलं तर माणूस आपल्या पायांनी चालत जाऊन खड्ड्यात पडत होता. त्यांनी हळू आवाजात यासीनला तसं सांगितलं. यासीन म्हणाला की चाचा, तुम्ही आता गप्पच बसा.

दहा वाजता पहिलं जाळं वर आलं. त्यात ढोमी, मांदेली, थोडी कोळंबी. रआद नाही. सरांनी वहीत वेळ लिहिली आणि वाटलंच होतं, अशा अर्थाने मान हलवली. वेदिकाने पूर्ण ढीग स्वतः उपसला. करंट्यासुद्धा नव्हता. तिला वाटलं की समुद्र केवढा मोठा आहे, त्यात एक मासा एकदा वाट चुकून आला असेल, आणि तो आता बाटलीत आहे. ती खाली बसून राहिली. हुसेनचाचांनी तिला काहीतरी चांगलं सांगायला तोंड उघडलं, पण ते खरं आहे की नाही याची खात्री नसल्यामुळे पुन्हा मिटलं.

दुसरं जाळं एक वाजता आलं. गाठ सोडल्यावर माल धपकन खाली पडला. सर पुढेच उभे होते, जाळं पाण्यातून निघाल्यापासून त्यांनी नजर हलवली नव्हती. वरचे सौंदाळे आणि म्हाकूल निलेशने फावड्याने बाजूला केले, आणि खाली, शेवाळात अर्धा लपलेला, तो होता. परातीएवढा गोल. पाठीवर फेसाची जाळी. पहिल्यापेक्षा मोठा.

इंजिन तेवढं धडधडत होतं. सर खाली वाकले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून दोन वर्षांचा राग कुठे गेला ते त्यांनाच कळलं नाही. ते तिसरीतल्या मुलासारखे दिसत होते. त्यांनी लेबल लिहायला म्हणून हातमोजे काढून ठेवले होते. त्यांनी तसेच हात पुढे केले.

“सर, थांबा,” हुसेनचाचा म्हणाले. “हात लावू नका. जित्ता हाय तो.”

मासा मुळीच हलत नव्हता. वर पाऊण टन मासळीचं ओझं घेऊन तो तासभर जाळ्यात दाबला गेला होता. कल्ले स्तब्ध होते. सरांनी चाचांकडे पाहिलं, माशाकडे पाहिलं, खलाशांकडे पाहिलं. सगळे आपल्याकडेच बघतायत हे त्यांच्या लक्षात आलं.

“मेलेला आहे,” ते म्हणाले.

“रुसलाय फक्त. मोजे घाला आणि शेपटीला धरा. खरा सांगतंय, सर.”

वेदिकाही पुढे झाली, तिनेही सर म्हणून हाक मारली, पण तोवर शेट्ये सरांनी निर्णय घेतला होता. सकाळपासून हा माणूस आपल्याला चहाची भीती घालतो, फळीची घालतो, वाऱ्याची घालतो. एका मेलेल्या माशासमोर आपण मागे सरलो तर पुन्हा फळ्यावर काहीतरी काढलेलं दिसेल. त्यांनी मासा दोन्ही हातांनी, एक वर आणि एक खाली, व्यवस्थित उचलला आणि फोटोसाठी वेदिकाकडे वळले.

फोटो निघाला. तो आजही वेदिकाच्या फोनमध्ये आहे, पण ती कुणाला दाखवत नाही.

सर खाली बसले ते ढोमीच्या क्रेटमध्ये. मासा सुटून जाळ्यावर पडला आणि शेपटी आपटून एकदा वळला, म्हणजे रुसवा गेला होता. वेदिकाने हातमोजे घालून त्याला शेपटीने उचलून टबात सोडलं. मग ती सरांकडे धावली. त्यांचे हात मांडीवर उताणे पडले होते आणि बोटं आपोआप हलत होती. चष्मा एका कानावर होता. निलेशने ओठ इतके दाबून धरले होते की ते पांढरे पडले होते. यासीन इंजिनाकडे तोंड करून उभा होता आणि त्याची पाठ हलत होती.

हुसेनचाचा मात्र खरोखर घाबरले. ते सरांच्या पुढ्यात उकिडवे बसले, त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि चोळू लागले. मस्कतला असं कुणाला झालं की ते हेच करत.

“किती वाव?” शेवटी सरांनी विचारलं.

“पंधरा,” यासीन म्हणाला, पाठमोराच.

“वेळ लिही,” सर वेदिकाला म्हणाले. “अक्षांश, रेखांश मी स्वतः बघणार आहे.” मग त्यांनी चष्मा सरळ केला आणि समोरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. “तुम्ही सांगितलं होतंत.”

“सांगितलं होतं.”

“चहाचंही खरं होतं.”

“होय.”

“मला कळलं होतं,” सर म्हणाले. “पहिल्याच घोटाला कळलं होतं.” आणि ते हसायला लागले. आधी नाकातून, मग पोटातून, ढोमीच्या क्रेटमध्ये बसून, आणि त्यांना ते थांबवता येईना. त्यांचं हसणं सुरू झाल्यावर निलेश मटकन खाली बसला आणि यासीनला इंजिन सोडून रेलिंग धरावं लागलं. वेदिका हसत होती आणि रडतही होती, आणि दोन्ही हातांना मासळीचा वास असल्यामुळे तिला डोळे पुसता येत नव्हते.

साडेतीनला बोट धक्क्याला लागली. यमुनाबाई टोपली घेऊन उभ्या होत्या. सर उतरले. डोक्यावर हॅट नाही, पाठीला निळा पट्टा, पँटला खवले. दोन्ही हातांनी टब धरलेला, आणि कुणाला तो घेऊ देत नव्हते. यमुनाबाईंनी त्यांना जाऊ दिलं आणि हुसेनचाचांना विचारलं की काय काय थापा मारल्यास त्या बिचाऱ्याला.

“एक पण नाय,” हुसेनचाचा म्हणाले. “सगळा खरा सांगितला.”

यमुनाबाईंनी दूर जाणाऱ्या निळ्या पट्ट्याकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या की हे तर जास्त वाईट आहे.

लेख लिहायला दोन महिने गेले आणि छापून यायला आणखी सहा. मधल्या काळात कुठल्या तरी परदेशी तज्ज्ञाने शंका काढली की मासा ओमानच्या मासळी बाजारातून आणलेला कशावरून नाही. त्याला शेट्ये सरांनी स्वतः उत्तर लिहिलं. मासा जाळ्यातून बोटीवर येताना मी पाहिला, तो जिवंत होता, आणि तो जिवंत असल्याची खात्री मी व्यक्तिशः करून घेतली आहे.

सर आता सोमवारी वेदिकाबरोबर बंदरावर येतात. शेडमध्ये बसतात. हुसेनचाचा मस्कतचं काही सांगू लागले की ते वही काढतात. परवा चाचांनी त्यांना एका माशाबद्दल सांगितलं, जो भरती-ओहोटीच्या मधल्या वेळात खडकावर चढून बसतो आणि माणूस दिसला की तोंड फिरवतो. सरांनी ते लिहून घेतलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं, थोडा विचार केला, आणि प्रश्नचिन्ह खोडलं.

ऑगस्टात, पावसाळी बंदी उठून बोटी पुन्हा निघाल्यावर, वेदिका छापलेला लेख घेऊन शेडमध्ये आली. चार पानं, सगळी इंग्रजीत, मध्ये माशाचा रंगीत फोटो आणि एक नकाशा. नकाशावरचा रंगवलेला पट्टा ओमानला संपत होता, आणि मग एवढ्या मोठ्या कोऱ्या समुद्रानंतर रत्नागिरीसमोर दोन काळे ठिपके होते. हुसेनचाचांनी चष्मा लावून त्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. एक यासीनचा, एक सरांचा, असं ते म्हणाले. यमुनाबाईही हातातलं काम टाकून वाकून बघू लागल्या.

वेदिकाने शेवटच्या पानावरचं आभाराचं वाक्य त्यांना मराठीत करून वाचून दाखवलं. श्री. हुसेन वस्ता, मिरकरवाडा, यांनी ही जात प्रथम ओळखली, त्याबद्दल लेखक त्यांचे ऋणी आहेत. चाचांनी ते आणखी एकदा वाचायला लावलं. तिने वाचलं. त्यांनी समाधानाने मान हलवली, दाढीवरून हात फिरवला, मग पानं उलटीसुलटी करून काहीतरी शोधू लागले.

“आणि सर ढोमीत बसले ते कुठे लिहिलंय?”

ते त्यात नाही, असं वेदिकाने सांगितलं.

“चहाचं?”

तेही नाही.

हुसेनचाचांनी चष्मा काढला. त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसत होतं.

“मग चार पानं भरून लिहिलंत काय?”